क्लचला शिकेकाई

माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, आयुष्यात एकच गोष्ट उत्तम जमली, ती म्हणजे सुरुवात करणं. एका इंग्रजी मासिकात त्याने गो-कार्टचा फोटो पाहिला आणि जेवताना जाहीर केलं, की असली गाडी आपण मैलापूरच्या आपल्या परसात बांधणार. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, त्यामुळे घरात त्याच्या बोलण्याला वजन. मी प्री-युनिव्हर्सिटीला. माझं मत विचारत ते सांबारात मीठ बरोबर आहे का, एवढ्यापुरतं.

पाण्याच्या पाइपांची चौकट झाली, बुटकी चार चाकं लागली, कुठल्याशा मोडक्या मोटारीचं स्टिअरिंग बसलं. मग मासिकाचा पुढचा अंक आला आणि अण्णा फोटोग्राफीकडे वळला. चौकट विहिरीशेजारी पडून राहिली. आत्या तिच्यावर अप्पळं, म्हणजे तुमचे पापड, वाळत घालू लागली.

आत्या म्हणजे अप्पांची, आमच्या वडिलांची, थोरली बहीण. परकर नेसायच्या वयात तिचं लग्न लावलं, आणि सासर धड बघायच्या आत नवरा गेला. भावाकडे परत आली ती कायमची. आमची आई लवकर गेली, तेव्हा आम्हाला वाढवलं तिने, आणि अप्पांना धाकात ठेवलं तेही तिनेच. तिची मराठी आम्हा तंजावरकडच्या मराठी लोकांची, चाल तमिळची. पुण्याचे पाहुणे ती ऐकून कौतुकाने हसायचे. ते गेले की आत्या म्हणायची, "माणसं बरी होती, पण मराठी नीट येत नाही त्यांना."

मला ती चौकट बघवेना. एक दिवस अण्णाला ओढत पुदुपेट्टच्या भंगार बाजारात नेलं, कारण एकट्या मुलीला तिथे कोणी दारात उभं केलं नसतं. लष्कराने मोडीत काढलेल्या एका जनरेटरचं छोटं इंजिन मिळालं, आणि एका मेलेल्या मोटारसायकलचा क्लच. अण्णाने दोन्ही वस्तू माझ्या हातात दिल्या आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाला डाग पडला म्हणून घरापर्यंत तोंड पाडून बसला.

इंजिन बसवणं सोपं होतं. खरं भांडण क्लचशी. इंजिनचा दांडा बारीक, क्लचचं भोक मोठं. मध्ये बसवायला लेथवर बुश, म्हणजे धातूची नळी, कातून घेतला. साखळी सरळ यावी म्हणून दोऱ्याने रेघ धरून इंजिन केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचं. अण्णा खाटेवर पडून उंटावरून शेळ्या हाकत होता. क्लच म्हणजे तसं काही गूढ नाही. एक तबकडी इंजिनची, एक चाकाची, मध्ये खरखरीत अस्तर, मागून स्प्रिंगांचा दाब. दोघी एकमेकींना घट्ट धरतात तोवर गाडी चालते, आणि धरतात त्या कोरड्या असतील तोवरच. हे मला हातांनी कळलं तेव्हा इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी ठरवलं: आपण इंजिनिअरिंगलाच जायचं.

अप्पांना सांगितलं. अप्पा हेडक्लार्क, नियमांचा माणूस. घरात कोणी काहीही मागितलं तर विचारत, "कोणत्या नियमाखाली?" त्यांनी माझ्यासाठी तंजावरचं एक स्थळ आधीच पाहून ठेवलं होतं. मुलगा बँकेत, मंडळी दसरा झाल्यावर बघायला येणार. तुमच्याकडे कांदेपोहे, आमच्याकडे सोज्जी-बज्जी. बाकी ताटली घेऊन मान खाली घालून यायचं ते सारखंच.

"यंत्रं बायकांचं ऐकत नाहीत," अप्पा म्हणाले.

"तुमचा रेडिओ कोण दुरुस्त करतं?" मी विचारलं.

हे त्यांना झोंबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कचेरीत हुकूम सांगावा तसं सावकाश सांगितलं. "विजयादशमीला ही गाडी तुला घेऊन कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयार कोविलापर्यंत गेली, आणि आपल्या फाटकाशी परत आली, तर तंजावरला नकार कळवतो आणि जूनला तुझा इंजिनिअरिंगचा अर्ज भरतो. नाही तर मुकाट्याने ताटली उचलायची." पिळ्ळैयार म्हणजे गणपती. त्याचं देऊळ आमच्या रस्त्याच्या टोकाला होतं, हाकेच्या अंतरावर. मी लगेच हो म्हटलं.

आता मध्ये आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे पुस्तकं, वीणा, विळी, पाने, पक्कड सगळं पाटावर मांडतात, गंध-कुंकू लावतात, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत कोणी कशालाही हात लावायचा नाही. माझा क्लच तेव्हा सुटा होता. अस्तर घासून स्वच्छ केलं होतं, फक्त बसवायचं बाकी. आत्याने विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "हेच सगळ्यात महत्त्वाचं. ह्याच्यावर माझं सगळं आहे." तिने ती तबकडी दोन्ही हातांत घेतली आणि देवाच्या अगदी पुढ्यात ठेवली. मला भरून आलं. मूर्ख होते मी.

विजयादशमीला सकाळी पूजा उतरली. गंध पुसलं, क्लच बसवला, दोरी ओढली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. शेजारपाजारचे गच्चीवर आले. मी क्लचचं पेडल सोडलं. इंजिन बोंबलत होतं आणि गाडी ढिम्म. आणखी पेट्रोल दिलं. नुसता धूर. सगळा रस्ता खोकायला लागला, आणि मी हट्टाने इंजिन गरगरवत बसले. शेवटी मीच बंद केलं. अप्पा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "राहुकाळ लागतोय. तो संपला की आणखी एकदा बघतो. मग तंजावरला 'या' म्हणून तार करतो."

राहुकाळ म्हणजे दिवसातली ती दीड तासाची वाईट वेळ, जेव्हा आमचे लोक नवं काही सुरू करत नाहीत. एरवी मी त्याला शिव्या घालायचे. त्या दिवशी तो देवासारखा धावून आला.

क्लच खोलला. अस्तर तेलाने थबथबलेलं. वास घेतला तर तिळाचं तेल, आत्याच्या लाडक्या बरणीतलं.

"आत्या, ह्याला तेल कोणी लावलं?"

"मी," आत्या म्हणाली. "महत्त्वाचं आहे म्हणालीस ना? सणाचा दिवस, त्याला कोरडं कसं ठेवायचं? चांगली अर्धी वाटी घातली. रात्रभर मुरलं."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंस, एवढं आठवतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं अण्णा खाटेवरून म्हणाला. त्याच्या दिशेने मी पाना फेकला. मग त्याने सल्ला दिला, पेट्रोलने धू. पण पेट्रोल होतं ते टाकीत, आणि त्यातलं किती मी धुरात घालवलं होतं देव जाणे.

आत्या माझं सगळं ऐकून घेत उभी होती. मग तिने पदर खोचला. "तेल निघालं म्हणजे झालं ना? दर शुक्रवारी तुझ्या डोक्यातलं तेल कशाने निघतं?"

"आत्या, तो क्लच आहे."

"तेल ते तेल. बंब पेटव."

"राहुकाळ आहे," अण्णा म्हणाला.

"आंघोळीला राहुकाळ नसतो. ह्या तबकडीची अभ्यंगाची सुरुवात कालच झाली, आज फक्त पाणी घालायचंय."

आणि आमच्या न्हाणीघरात, पाटावर, त्या तबकडीला न्हाऊ घातलं. गरम पेजेत कालवलेली शिकेकाई, नारळाच्या शेंडीने घसघस चोळायची, वरून कढत पाणी. एकदा, पुन्हा, पुन्हा. शिकेकाई डोळ्यांत गेली म्हणून मी रडले. तेच कारण सगळ्यांना सांगितलं. मग तबकडी शेगडीवर धरली. उरलंसुरलं तेल चुरचुरत वर आलं, ते पुसलं, पुन्हा धरली. शेवटी आत्याने निखाऱ्यावर ऊद टाकला, माझे केस वाळवताना टाकते तसा. मी म्हटलं ह्याची गरज नाही. ती म्हणाली, "असू दे. सवय आहे." अस्तर हाताला खरखरीत लागलं तेव्हा मी तिच्या गळ्यात पडले.

राहुकाळ संपला. दोरी ओढली, पेडल सोडलं, आणि गाडी अशी उसळली की माझी मान मागे गेली. रस्त्यावरच्या कोंबड्या, फुलवाली, एक सायकलस्वार पाद्री, सगळे बाजूला. ढुंगणाखाली वीतभर अंतरावर डांबर पळत होतं, वेणी सुटली होती, मागून ऊद आणि शिकेकाईचा वास येत होता. इतकी सुखी मी नंतर फार कमी वेळा झाले. देवळाशी आत्या आधीच येऊन थांबली होती, नारळ फोडायला. मी गाडी वळवली आणि इंजिन दोनदा ठसकून बंद पडलं. टाकीत थेंब नव्हता. सकाळी धुरात उडवलेलं पेट्रोल आता आठवलं.

आत्याने टाकीत वाकून पाहिलं. मग माझ्याकडे. "ढकल."

"पण स्टिअरिंग कोण धरणार? गाडी एकीकडे ओढते."

पांढऱ्या लुगड्यातली माझी आत्या, जिला रस्त्यात मोठ्याने हसताना कोणी पाहिलं नव्हतं, लुगडं गुडघ्यांशी आवळून त्या चौकटीत बसली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मी मागून जोर लावला. सगळा रस्ता बघत होता. तिची पाठ हलत होती; आधी मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती.

फाटकात अप्पा उभे होते. आत्या उठली नाही.

"गाडी हिला घेऊन कोविलापर्यंत गेली," ती म्हणाली. "फाटकाशी परत आली."

"ढकलून आली," अप्पा म्हणाले.

"कशी यायची ते तू बोलला नव्हतास. बोलला होतास तर सांग."

अप्पा फाटक सोडून गाडीपाशी आले. "अक्का, ही थट्टा नाही. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"तेच म्हणते मी," आत्या म्हणाली. आता ती हसत नव्हती, पण हात स्टिअरिंगवरच होते. "हिला तू निदान अट तरी घातलीस. मला कोणी अटसुद्धा घातली नव्हती."

अप्पा आत गेले, सदरा चढवला आणि तंजावरला नकाराची तार करायला निघाले. आत्या अजून गाडीतच बसली होती.

"येताना पेट्रोल आण," तिने मागून सांगितलं.