गल्लीच्या तोंडाचे दगड

सुमन सोनकांबळे गेल्याचं मला पेपरमधून कळलं. मी हदगावला माहेरी होते. भाऊ ओसरीवर बसून पेपर वाचत होता. वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "ही तुझ्या कचेरीतली तर नाही ना?" ‘सायकलवरील ताबा सुटल्याने महिला कर्मचारी टँकरखाली ठार,’ एवढीच बातमी. खाली तिचं आडनावसुद्धा चुकवलेलं. मिळेल ती एसटी धरून लातूरला पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. तिची आई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून एवढंच म्हणाली, "ताबा सुटला म्हणायलेत गं लोक."

महिना होत आला. ती ओळ अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा नव्या कचेरीत आम्ही दोघी एकाच आठवड्यात रुजू झालो. ती मुरुडची, घरात सरकारी नोकरी करणारी पहिलीच. मी ‘काम करून राहिले’ म्हणाले की ती हसायची. "तुमच्या हदगावात काम कधी संपत नाही का? नुसतं करूनच राहायलाव." वडिलांची जुनी, दांडीची सायकल तिनं मुरुडहून एसटीच्या टपावर टाकून आणली होती. साडीचा काठ चिमट्यात अडकवून ती कचेरीला यायची. फाटकाशी उभे असलेले लोक काय काय बोलायचे... बाई सायकलवर, तीही बौद्धवाड्यातली, याचं त्यांना भारी दुखायचं. एकानं तर तिला ऐकू जाईल असं म्हटलं होतं की आता यांना रस्तापण पाहिजे. "पाहिजेच की," असं शांतपणे म्हणून ती पुढं गेली. मलाही तिनंच सायकल शिकवली, शाळेच्या मैदानावर. मी पडले की ती उचलायला यायची नाही. लांबूनच म्हणायची, "ऊठ, लोक बघायलेत."

मग पाऊस रुसला. आधीच जिल्ह्यामुळं गावात जिपा वाढल्या होत्या, त्यात टँकर आले. मोठा रस्ता डाळमिलच्या ट्रकांनी तुंबला की ही सगळी वाहनं मधल्या गल्ल्यांत घुसायची. आणि त्याच गल्ल्यांतून अख्खं गाव सायकलला घागरी बांधून पाणी नेत होतं. एका सकाळी ट्रकाच्या धक्क्यानं शाळेत निघालेल्या मुलीचा हात मोडला. तिला दवाखान्यात नेणाऱ्यांत सुमन होती. त्या संध्याकाळपासून तिनं एकच विषय धरला. गंज बाजारापासून शाळेपर्यंतच्या मधल्या गल्ल्या सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांना मोकळ्या ठेवा, गल्लीच्या तोंडाशी दगड रोवा, टँकर चौकात उभे करा. कचेरी सुटली की घरोघर फिरून तिनं बायका जमवल्या. मीही सोबत जायचे.

नगरपालिकेच्या सभेला आम्ही मागं उभ्या होतो. एका सदस्यानं हसत विचारलं, लोकांना पाणी पाहिजे का सायकली? सुमन म्हणाली, "साहेब, पाणी सायकलवरूनच घरी यायलंय. तुमच्या नळातून न्हाई." ठराव झाला, दगडही रोवले गेले. त्यानंतरचे काही महिने त्या गल्ल्यांत घंटीचा आवाज ऐकू यायचा, घागरीतलं पाणी डुचमळलेलं ऐकू यायचं. म्हातारी माणसं दारात बाज टाकून बसू लागली. पोरी तिघी तिघी ओळीनं सायकल चालवत शाळेत जायच्या आणि त्यांना कुणी हटकायचं नाही.

मग दुष्काळ बघायला बडे लोक येणार म्हणून कळलं. त्यांच्या गाड्यांच्या ताफ्याला वळसा पडू नये म्हणून नगरपालिकेनं एका दुपारीत सगळे दगड उपटले. दुसऱ्या दिवशी परत बसवतो, असं सांगितलं. ताफा आला, गाडीच्या काचाही खाली न करता निघून गेला. दगड नगरपालिकेच्या मागच्या अंगणात पडून राहिले. सुमन पुन्हा पुन्हा जाऊन विचारत राहिली. दर वेळी ‘बघू’. ते ‘बघू’ म्हणणारे आजही त्याच खुर्च्यांवर आहेत.

ज्या टँकरनं तिला चिरडलं तो गल्लीला पाणी घेऊन आला नव्हता. एका नव्या बंगल्याच्या बांधकामावर चालला होता. लोक हंडाभर पाण्यासाठी उन्हात उभे होते आणि सिमेंट भिजवायला टँकर भरून चालला होता, तोही मोकळ्या ठेवायच्या गल्लीतून. बघणाऱ्या बायका सांगतात, ती भिंतीला चिकटून, सायकलवरून उतरून उभी होती. आता सांगा, ताबा कुणाचा सुटला?

शोकसभा झाली. ‘धडाडीची भगिनी’ वगैरे शब्द झाले. गल्लीला तिचं नाव द्यावं, अशी सूचना आली आणि टाळ्या पडल्या. मी उठले. "नाव नको," मी म्हणाले. "दगड परत द्या." थोड्या वेळानं चहा आला...

दगड काही आले नाहीत. पण पुढच्या सोमवारी त्या गल्लीतल्या बायकांनी, पिठाची गिरणी आल्यापासून अडगळीत पडलेली आपली जाती, उखळं बाहेर काढली आणि ढकलत ढकलत गल्लीच्या तोंडाशी आणून मांडली. नगरपालिकेची माणसं उचलायला आली, तेव्हा शेवटच्या घरातली हलीमाबी आपल्या जात्यावर जाऊन बसली. "हे माझ्या सासूचं हाय. घेऊन दाखव," एवढंच म्हणाली. माणसं परत गेली. जाती अजून तिथंच आहेत. त्यानंतर एकही टँकर आत आलेला नाही.

मी रोज तिथूनच जाते. मला सायकल हळू चालवायची सवय, म्हणून सुमन नेहमी पुढं जाऊन वळणावर थांबायची. एक पाय कुणाच्या तरी ओट्यावर टेकवून, मागं बघत. मी दिसले की पॅडल मारून निघायची. आता तिथं आले की माझेच ब्रेक दाबले जातात. परवा मागून येणारी शाळेची पोरगी घंटी वाजवून म्हणाली, "बाई, कशाला थांबलाव? रस्ता मोकळा हाय की."