पत्त्याची वाटणी

आमच्याकडे वाटणी झाली की आधी मधली भिंत उभी राहते, मग भांडी मोजतात. माझ्या दोन्ही मुलांनी शेत आधीच विकलं होतं, त्यामुळे भिंत घालायला जागा उरली नव्हती. मग त्यांनी ती इंटरनेटवर घातली.

भूकंपात गाव पडलं आणि पुढे आम्ही लातूरला आलो. मला स्वयंपाकापलीकडे काही येत नव्हतं. गावोगावची लेकरं तेव्हा डॉक्टर व्हायला लातुरात लोटू लागली होती, आणि डॉक्टर होणाऱ्यालाही भूक लागतेच. मी मुलींची खानावळ काढली, मग वर खोल्या बांधून वसतिगृह केलं. ते थोरला सांभाळतो. नांदेडलाही क्लासेसचं पीक आलं, तसं धाकट्याने तिथे दुसरं काढलं. नाव तेच.

वेबसाइट थोरल्या सुनेने केली. नांदेडला मुलींची सोय कुठे आहे असं आईबापांनी मोबाईलला विचारलं की आमचं नाव वरच यायचं. वेबसाइटच्या पत्त्यात आधी वसतिगृहाचं नाव, मग तिरपी रेघ, मग नांदेड. लातूरला रेघबिघ काही नव्हती. ते सावकारासारखं थेट दारात बसलेलं.

हे धाकट्याला खुपलं. लातूरला आला तेव्हा ताटावरच म्हणाला, "दादाच्या मागं रेघ मारून माझं नाव? मी काय त्याच्या दारातलं पायपुसणं हाय का?"

"भावजी, एकाच घरातल्या दोन खोल्या समजा की," सून म्हणाली. "नांदेड नावाच्या पुढं घेऊन, मधी टिंब देऊन वेगळा पत्ता केला, तर मोबाईल त्याला परकं घर समजंल. इतक्या वर्षांत कमावलेलं नाव तुमच्या कामी येईलच असं न्हाई."

"मला कुणाचे उपकार नकोत, वहिनी."

त्याच नावाची पाटी दारावर लावून हा उपकार नको म्हणत होता.

धाकट्याने टिंबवाला पत्ता करून घेतला. थोरल्याने लगेच आपल्याकडचं नांदेडचं पान पुसायला लावलं. "निदान जुन्या पानावरून नव्याकडं वाट तरी ठेवू," सून म्हणाली.

"वाटणी झाल्यावर माझ्या अंगणात त्याचं काय काम?"

सरकारने आमचं गाव दुसरीकडे वसवलं तेव्हा पाहुणे कैक महिने जुन्या ढिगाऱ्यापाशीच एसटीतून उतरायचे. तिथला टपरीवाला हात करून नवं गाव दाखवायचा. तो नसता तर निम्मे सोयरे आम्हाला मेलेलं धरून परत गेले असते. थोरल्याने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पण भावाचं भलं होत असेल तर माणसाला काहीही आठवत नाही.

दहावीचा निकाल लागला. लातूरच्या खोल्या भरल्या. नांदेडला धाकट्याने भाड्याने घेतलेल्या नव्या इमारतीत गाद्या कोऱ्याच पडून होत्या. मोबाईलमध्ये त्याचं नाव शोधायचं तर अंगठा दुखेपर्यंत खाली जावं लागे, आणि जुना पत्ता दाबला की पान सापडत नाही असं उत्तर. कंधारच्या एका बापाने लातूरला फोन लावून मलाच विचारलं, "मावशी, नांदेडचं बंद पडलं म्हणं?"

मी त्याला रस्ता सांगितला आणि थोरल्याला बोलावलं. "तुझी वरची खोली रिकामी कर."

"कशाला, माय?"

"भाडं फिटलं न्हाई तर धाकटा बायकालेकरं घेऊन इथंच येणार. रस्त्यावर झोपवू का त्याला?"

बंधुप्रेम असं जागं होतं. त्याने स्वतःच सुनेला सांगितलं, काय करायचं ते कर. तिने वसतिगृहाचं नाव पुढे ठेवलं आणि त्यामागे रेघ मारून लातूर, रेघ मारून नांदेड अशी दोन पानं केली. मग दिराला फोन लावला.

"दादा बी रेघंच्या मागं?" त्याने विचारलं.

"हाव. दोघंबी."

"मग चालतंय."

जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे वाट घातली. मोबाईलला समजूत पटायला वेळ लागला, तोवर बऱ्याच मुली दुसरीकडे राहिल्या होत्या. निम्म्या खोल्या भरल्या. तेवढ्यावर इमारत तगली.

आता दोघंही रोज मोबाईल उघडून पाहतात, कोण वर आलं. ज्याला त्याला आपलंच वर दिसतं. माणूस जे पान सारखं उघडतो तेच मोबाईल त्याला वर दाखवतो, असं सून म्हणाली. हे त्यांना सांगू नकोस, असं मी तिला बजावलं आहे.