नाव घ्या, फूल न्या

हल्ली गुलाबाच्या आळ्यापाशी एकदा बसलो की उठायचा कंटाळा येतो. कात्री हातात तशीच राहते. अजून किती वर्षं छाटायचं, असं वाटतं. पण दसरा झाला की इथल्या अड्याळ गावच्या बायका फाटकाशी फुलांची चौकशी करायला लागतात आणि मग हलावंच लागतं.

मी इथला नाही. माझं गाव नांदेडच्याही पलीकडं. सातवीत शाळा सुटली आणि पुढं कालवा खोदणाऱ्या टोळीबरोबर इकडं आलो. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मला कावीळ झाली, टोळी पुढं गेली. एका निवृत्त शिक्षिकेनं ओसरीवर जागा दिली, पथ्याचं खाऊ घातलं. सगळे त्यांना बाई म्हणायचे, मीही म्हणू लागलो. बरा झाल्यावर त्यांची बाग सांभाळायला लागलो. त्यांनी ‘जा’ म्हटलं तर कुठं जायचं, ही धास्ती मात्र पोटात राहिली.

बाग सगळी जुन्या गुलाबांची. बाईंचे वडील चिखल्याच्या खाणीवर साहेबाच्या बंगल्यात माळी होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. मडमेच्या तोंडची फ्रेंच नावं त्यांनी ऐकून पाठ केली आणि कलमांबरोबर लेकीला दिली. त्यामुळे बाईंचा नियम होता, नाव घेतल्याशिवाय फूल नाही. पोळा असो, गौरी असो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो.

“कात्र सेझाँ,” एखादी लाजत म्हणायची.

“नवऱ्याचं नाव घेताना तं एवढी नव्हती लाजली वं!”

“त्याचं नाव सोपं होतं ना बाई!”

कात्र सेझाँ म्हणजे चार ऋतू. ते गुलाबी झाड कडक उन्हाळा सोडला तर कुठल्याच सणाला नाही म्हणायचं नाही. विहिरीवरच्या मांडवावरचा फिकट पिवळा वेल वेगळा. ग्लुआर द दिजाँ, दिजाँ गावाची शान. त्याचा बहर होळीच्या सुमाराला, विहिरीच्या गारव्यानं एप्रिलपर्यंत टिकायचा. वडिलांच्या वेळेपासून चौदा एप्रिलच्या जयंतीला त्याची फुलं बुद्धविहारात जायची.

पहिल्याच वर्षी दसऱ्याला बाई दीक्षाभूमीला गेल्या. उपकार फेडावेत म्हणून मी दोन दिवसांत सगळी छाटणी उरकली. गुलाब दसऱ्यानंतर गुडघ्याएवढा ठेवावा, असं गावात सगळेच सांगत. मी मांडवावरचा वेलही गुडघ्याएवढा केला.

बाई आल्या. विहिरीकडं बघत पायरीवर बसल्या.

“अरे बाबू, जुन्या फांदीलेच फुलं येते त्याले. जयंतीले काय नेऊ आता?”

मी आत जाऊन थैली भरली.

“थैली कायले भरून राहिला?”

“जातो, बाई.”

“अन् पाणी कोण टाकन? त्या वेलाचं नाव येते तुले?”

येत नव्हतं.

“तेच तं. बाबा सांगत, ज्याचं नाव येत नाही त्याले लोखंड लावू नये. ठेव थैली.”

तो हिवाळा पाण्याच्या घागरीबरोबर नावं वाहण्यात गेला. जीभ वळायची नाही. बाई हसायच्या, पण सोडायच्या नाहीत. वेल फुटला, हात-दोन हात वाढला, पण कळी धरली नाही. जयंतीला विहारात बाईंनी कात्र सेझाँची चार कोमेजती फुलं ठेवली. मी मागं खांबाआड उभा होतो.

“पिवळे काहून नाही आणले, बाई?” कुणीतरी विचारलं.

“वेलाले कावीळ झाली होती,” बाई म्हणाल्या. “बरा होऊन राहिला आता.”

लोक हसले. मला हसू आलं नाही. मी चपला घालून आधीच घरी आलो आणि वेलाला दोन घागरी जास्त घातल्या.

दोन वर्षांनी मांडव पुन्हा भरला. पहिलं फूल काढायला बाईंनी मलाच पाठवलं, आधी नाव घ्यायला लावून.

आता बाई खाटेवर असतात, त्यांना दिसत नाही. त्यांच्यामागं या बागेचं आणि माझं काय, हे मी विचारत नाही. हिंमत होत नाही. परवा विहिरीपाशी वाळक्या काड्या काढत होतो. कात्रीचा आवाज आत गेला असावा.

“कोणाले छाटून राहिला रे?”

“ग्लुआर द दिजाँ, बाई. वाळकं तेवढंच.”

माझा हात थांबलेला.

“मंग ठीक,” आतून आलं.