हंडा नावाचं फोल्डर

अंबरनाथला कॉम्प्युटर ऑपरेटरच्या बॅचला शिकवते मी, आणि माझा आवाज खालच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू जातो. पहिले दोन महिने माऊसला हात लावू देत नाही. नुसता काळा पडदा आणि कमांड. डिर म्हणजे इथं काय काय आहे ते दाखव, सीडी म्हणजे या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये जा, डेल म्हणजे पुसून टाक. ‘आधी डिर करून बघा, मग डेल करा!’ हे दिवसातून वीसदा ओरडते.

त्या बॅचमध्ये पालेगावची एक ताई होती, चाळिशीची. बाकीची पोरं विशीतली, ‘मॅडम, ये कैसे करायचं?’ विचारणारी. ताईचा नवरा सरकारी कचेरीत शिपाई होता. तो गेल्यावर अनुकंपेवर तिला तिथे जागा मिळणार होती, पण कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र मुदतीत आणलं तरच. त्या मुदतीत बसणारी परीक्षा एकच. घरी दोन मुली. ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची, एन्टर दाबण्याआधी ओळीवरून बोट फिरवून वाचायची. जीव लावावा अशी बाई. पण तिच्या एका खोडीनं माझं डोकं फिरायचं. काहीही करायच्या आधी ती ‘हंडा’ नावाच्या फोल्डरमध्ये सगळं कॉपी करून ठेवायची.

‘अहो ताई, किती हंडे भरणार आहात? पुसून टाका तो पसारा!’

‘हो मॅडम,’ म्हणायची आणि मान खाली घालायची.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी मशीन साफ करत होते. तिच्या मशीनवर जुन्या बॅचच्याही फायली होत्या. तिकडे जायला सीडी मारलं, फोल्डरचं नाव चुकलं. मशीननं तसं सांगितलंही, पण माझा एक कान फोनला. डेल मारलं, ‘नक्की ना?’ विचारल्यावर हो म्हटलं, आणि मग डिर केलं. मग! मी तिच्याच फोल्डरमध्ये उभी होते. सहा महिन्यांची प्रात्यक्षिकं साफ. काळ्या पडद्यावरून पुसलेलं रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. आणि त्या फायली दाखवल्याशिवाय परीक्षक तिला परीक्षेला बसू देणार नव्हते.

ताईला बोलावलं आणि पोरांसमोरच सांगून टाकलं. ती पडद्याकडे बघून म्हणाली, ‘मॅडम, जरा सरकता का?’

तिनं अ‍ॅट्रिबची कमांड टाइप केली. फोल्डर लपवायचं आणि लपवलेलं पुन्हा दिसू द्यायचं, ते याच कमांडनं. मीच शिकवली होती. तिनं बोटानं ओळ वाचली, एन्टर दाबलं, डिर केलं. हंडा! आत सगळं जागच्या जागी.

‘तुम्ही पुसायला सांगितलं होतं,’ ती अपराध्यासारखी म्हणाली. ‘मी लपवून ठेवला.’

माझ्यासारखी खवीस बाई, पण सगळ्या बॅचसमोर तिच्या गळ्यात पडून रडले. एका पोरानं टाळ्या वाजवल्या, त्याला दटावायचंही भान राहिलं नाही.

ती पास झाली. नेमणुकीचं पत्र आणि पेढे घेऊन आली तेव्हा मी चिडवलं, ‘काय हो, आता ऑफिसातही हंडे भरणार?’

ती हसली. मग पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावत म्हणाली, ‘मॅडम, हे गेले त्या दिवशी आमच्याकडे नळाला पाणी नव्हतं. सवयीनं बाजूला भरून ठेवलेला एकच हंडा होता. त्याच पाण्यानं ह्यांना शेवटची आंघोळ घातली.’

सहा महिने मी त्या हंड्याची चेष्टा करत होते.