फेडून राहिली

सांगलीहून बदली होऊन अमरावतीला आले आणि पहिल्याच मे महिन्यात कूलरची मोटर जळली. बहिणीच्या ऑपरेशनसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता नुकताच गेला होता. उरलेले पैसे आदल्या आठवड्यात फ्रिजनं खाल्ले होते.

कूलरचा मिस्त्री आला. दुपट्टा डोक्याला गुंडाळून त्यानं मोटर मांडीवर घेतली आणि तापातल्या पोरावरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला.

"नवी नका घेऊ ताई. वाइंडिंग करून आनतो."

मी तरी वैतागलेलीच. म्हणाले, "आधीच कर्ज फेडायचं राहिलंय, त्यात हे!"

त्यानं पाना खाली ठेवला. "हप्ता भरता ना?"

"दर महिन्याला."

"मंग फेडायचं राहिलं काहून म्हनता? फेडून राहिली म्हना. मी बी घराच्या स्लॅबचं फेडूनच राहिलो."

आमच्याकडे राहिलं म्हणजे बाकी. त्याच्याकडे राहिलो म्हणजे काम चालू आहे.

संध्याकाळी कूलरचा गार वारा सुटला. निम्मे पैसे पगार झाल्यावर दिले तर चालतील का, असं मी अडखळत विचारलं.

दुपट्टा सोडत तो म्हणाला, "देऊन राहिल्या ना तुमी? मंग झालं."

आई अजून फोनवर विचारते, "किती राहिलं गं?"

"फेडून राहिली," मी सांगते.

तिकडं जाऊन माझी भाषा बिघडली, असं तिला वाटतं. खरं तर मिस्त्रीनं मोटरीबरोबर तीही दुरुस्त करून दिली, आणि तिचे पैसे लावले नाहीत.