बोर फुटेपर्यंत

आमच्याकडे टीव्ही आला त्याच वर्षी, फाल्गुनात, माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. जळगावचे डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतं किती, सांगता येणार नाही." एकदा नानांनी चहाच्या कपात चष्मा बुडवला आणि घरादाराने ठरवूनच टाकलं, म्हातारा गेला कामातून. मग काय, त्यांच्या खाटेशेजारीच जो तो तोंडाला येईल ते बोलायचा. मीही. माझी जीभ मुळातच तिखट.

चैत्र संपत आला तसे नाना खिडकीतून अंगणातल्या बोरीकडे डावा हात करायला लागले. दोन बोटांची कात्री करून दाखवायचे. नवरा म्हणाला, "नुसते हातवारे आहेत ते." पण झाडं दर उन्हाळ्यात नानाच छाटायचे, हे मला माहीत होतं. मी तेव्हा माहेरी एरंडोलला असायची, म्हणून कशी छाटतात ते पाहिलं नव्हतं. माहेरच्या शेताच्या बांधावरच्या बोरींना तर कोणी हातही लावत नसे.

एका सकाळी त्यांना ओट्यावर खुर्चीत बसवलं आणि कात्री, करवत घेतली. आधी मी लिंबाकडे वळले, तर नाना घशातून केवढे ओरडले! लिंबू फुलावर होतं. आंब्याला कैऱ्या लटकत होत्या, तिकडेही नाही. पेरूच्या फक्त वाळक्या काड्या काढू दिल्या. शेवग्याच्या शेंगा संपल्या होत्या, त्याच्या फांद्या मात्र खुशाल तोडायला लावल्या. यात शहाणपण किती आणि लहर किती, मला काय ठाऊक?

मग बोर. मी शेंडे कापले. नानांचा हात खाली, अजून खाली. फांद्या कापल्या. अजून खाली! काट्यांनी हात सोलून निघाले, पण तो डावा हात थांबेना. शेवटी खोड आणि मनगटाएवढे चार खुंट राहिले, तेव्हा कुठे त्यांनी हात मांडीवर ठेवला.

शेजारच्या अक्का भिंतीवरून ओरडल्या, "माय वं! बठ्ठं झाड मारी टाकं तू!" अख्खं झाडच मारलं म्हणे मी.

नवरा संध्याकाळी आला, झाडाकडे बघून म्हणाला, "एवढं खाली ते कधीच कापत नसत. त्यांना भ्रम झालाय. तुझंही डोकं फिरलं का?"

तेव्हापासून माझी झोप उडाली. झाड मेलं तर नानांचं डोकं गेलं, हे माझ्याच हातांनी सिद्ध होणार होतं. मग त्यांना कोणी काही विचारणार नव्हतं, कायमचं. वैशाखाचं ऊन नुसतं आग ओकत होतं. रोज सकाळी मी बादलीभर पाणी ओतायची आणि नखाने साल खरवडून बघायची, खाली हिरवं आहे का. आहे असं वाटायचं, मग वाटायचं, छे, आपल्या मनाचे खेळ. नाना खिडकीतून बघत असायचे. मी त्यांची नजर टाळायची.

पंधरा-वीस दिवसांनी एका खुंटावर बारीक फुगवटे दिसले. दुसऱ्या दिवशी त्यातून पांढरट लव असलेले कोंब. एक नाही, चिक्कार! मी बादली तिथेच टाकून आत पळाले. "नाना, फुटली! बोर फुटली!"

ते हसले नाहीत. डाव्या हाताची चार बोटं दाखवली, मग बाकीचं खुडायची खूण केली. म्हणजे एका खुंटावर चारच कोंब ठेव. बरोबर, स्वच्छ, हिशेबशीर.

अरे देवा, यांना कळतंय. कळतच होतं, पहिल्या दिवसापासून. महिन्याभरापूर्वी याच खाटेशी उभी राहून, त्यांचं अंथरूण बदलता बदलता, मी नवऱ्याला म्हणाले होते, "यापेक्षा झटक्यातच सुटले असते तर बरं झालं असतं."

दुपारी वाटीत पेज घेऊन बसले, चमचा पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघत नेहमीसारखं तोंड उघडलं. मी नजर टाळली, आणि पेज त्यांच्या सदऱ्यावर सांडली.