धोंडुकाकींचं धुराडं

मंगळवार पेठेत आमच्या शेजारी धोंडुबाईंची चिरमुऱ्यांची भट्टी होती. नात्यानं त्या माझ्या चुलत सासू. मी त्यांना काकी म्हणायची. नवरा गेल्यावर भट्टी त्यांनी एकट्या हातानं चालवली, आणि एकट्या म्हणजे अगदी एकट्या. कुणावर विश्वास टाकायचा म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. तांदळाला मिठाचं पाणी लावताना दार आतून बंद. किती मीठ, किती वेळ, हे पलीकडच्या गल्लीतल्या भट्टीवाल्या सयाजीला कळेल म्हणून. मलासुद्धा बाहेर उभं करायच्या. "तू सयाजीची कोण न्हाईस, ठावं हाय मला. पर तुला तोंड हाय की!"

संस्थान विलीन झालं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली गोष्ट. जोतिबाची चैत्राची यात्रा तोंडावर आली होती. काकींचं वर्षाचं पोट त्या यात्रेवर. आणि नेमकं तेव्हाच धुराडं तुंबलं. भट्टीत भाताचं तूस जाळायचं. ते हलकं, अर्धवट जळून वर उडतं आणि काजळीला चिकटून बसतं. धूर वर जाईना, कढईवरच लोळायला लागला. जोतिबाच्या डोंगरावरच्या दुकानदारानं पहिलं पोतं हुंगून परत पाठवलं, वर निरोप धाडला, आणखी एकदा असा धुराचा वास आला तर माल सयाजीकडून घेईन.

"आकारामला बोलवा," मी म्हटलं. आकाराम भट्ट्यांची धुराडी झाडायचा, त्याचा धंदाच तो.

"त्यो? त्यो सयाजीचं बी झाडतो. हितलं बघंल नि तितं सांगंल. आन् जाताना आत एक फडकं कोंबंल, परत बोलवावं म्हणून."

मग काय, काकी पदर खोचून स्वतःच कौलांवर चढल्या. बोरीच्या काटेरी फांद्यांचा भारा दोराला बांधून धुराड्यात सोडला. खाली गेला सरसर, पण वर ओढायला गेल्या तर फांद्या फाकल्या आणि भारा मधेच रुतला. आधी नुसता धूर अडत होता, आता वाराही जाईना. या कामाला वर एक आणि खाली एक, अशी दोन माणसं लागतात. मी धरलं असतं एक टोक, पण मी तेव्हा पोटुशी. सासूबाई काजळीजवळ फिरकू देईनात.

शेवटी आकारामला बोलावणं गेलं. तो दारात आला तरी काकींचा विचार चाललाच होता. खाली ठेवावा तर तांदळाची मडकी उघडी. वर धाडावा तर फडकं कोंबायला मोकळा.

"तू वर जा," त्या म्हणाल्या. "पर पटका हितं काढून ठेव."

"पटका कशाला, आक्का?"

"ठेव म्हन्ते न्हवं!"

आकारामनं पटका काढला, पण त्यानंही बजावलं, "शिडी म्या वर वढून घेनार. गेल्या साली कौलं चाळाय आलेल्या ज्ञानूला तुमी शिडी काढून दुपारपत्तोर वर बसवलतं."

"घागरीनं पानी वतून बघत हुते, कौलं गळत्यात का! त्येला काय मारलं का झोडलं?"

आकाराम वर गेला, शिडी वर गेली. काकी भट्टीच्या तोंडाशी आकडी घेऊन बसल्या. त्यांनी खालून हिसका द्यायचा, त्यानं वरून दोर सैल सोडायचा.

"सोड की रं!"

"सोडलाय! तुमीच वढत न्हाईसा!"

"खोटं बोलू नगंस! दोर ताठ हाय!"

"मग आकडी काट्याला लावलीसा का भिंतीला, ते बगा आदी!"

आकडी विटेतच अडकली होती. काकींनी ती गुपचूप सोडवली आणि पुन्हा हिसका दिला. भारा धाडकन खाली आला, त्यामागून टोपलीभर काजळी. काकींचे फक्त डोळे ओळखू येत होते. दारातून बघताना मला हसू आवरेना, मी पदर तोंडात धरला.

मग भाऱ्याला खालूनही दोर बांधला, आणि दोघांनी भांडत भांडत तो खालीवर इतका घासला की आतली वीट दिसायला लागली.

"झालं बगा, उतरतो," वरून आवाज आला.

"थांब!" म्हणून काकींनी भट्टीत तूस लोटलं आणि काडी लावली.

"आला का धूर?"

वरून नुसता खोकला.

"आला का म्हन्ते!"

"आला की! आगं आय आय… डोळं गेलं माजं!"

"समदा येतुया का थोडा?"

"समदा, समदा! आक्का, उतरू द्या की!"

"उतर की मग. शिडी तुज्यापाशीच हाय!"

तो डोळे पुसत खाली येईतो कढईतली वाळू तापली होती. काकींनी पहिला घाणा उतरवून ओंजळभर चिरमुरे त्याच्यापुढे धरले आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या.

"वास न्हाई," तो म्हणाला.

"तुजं नाक धुरानं भरलंया, तुला काय कळतंय?" असं म्हणून काकींनी ते माझ्या नाकाशी आणले. मी हुंगलं, मान हलवली. मग काकींनी स्वतः हुंगलं. मग सासूबाईंना हाक मारून त्यांना हुंगायला लावलं. आणि मगच डोंगरावर जाणारी पोती भरायला घेतली.